टिकल्या लावणारे डोळे

मुलगी आठवीत असताना बाईंनी मला शाळेत बोलावलं. म्हणाल्या, "हिला फळा दिसत नाही. डोळे तपासून घ्या."

मी हसलो. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या खोलीत ती आईबरोबर साड्यांवर बारीक टिकल्या चिकटवायची, एकही वाकडी पडायची नाही. "बाई, घारीची नजर आहे तिची. अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय!" मुलगी खाली बघत राहिली.

नववीत ती गणितात नापास झाली, तेव्हा कुठे चष्मा लागला. जवळचं दिसतं, लांबचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी विचारलं, "तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुम्हीच बाईंना सांगितलं ना पप्पा, दिसतं म्हणून."

मला रडू आलं नाही. डबा घेऊन कारखान्यात गेलो. तिची माफी मी अजून मागितलेली नाही.