भिंतीवरच्या सह्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. मुग्धापाशी — माझ्या बायकोपाशी — नाही, पुण्यात आईपाशी नाही, गणपतीत दहा दिवस गळ्यात गळे घालणाऱ्या इथल्या मित्रांपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मला तुमच्याकडून काही नको आहे. सहानुभूती तर मुळीच नको. 'होतं असं माणसाच्या हातून' म्हणत मान हलवणाऱ्यांची मला चीड येते. हे असं आपोआप होत नाही. हे करावं लागतं. बाह्या वर सारून, घाम गाळून करावं लागतं.

मी जुन्या घरांच्या भिंती दुरुस्त करतो. म्हणजे हाताने नाही — हाताने करणारे वेगळे. मी सांगतो, ते करतात. पुण्यात सिव्हिल केलं, मग इथल्या विद्यापीठात जुनी वीट आणि चुना यांवर पीएचडी, आणि आता सल्लागार. राहायला सिंगापुरात, पासिर रिस भागात. लोकांना वाटतं, ओलीने घरं कुजतात ती थंडीवाऱ्याच्या देशांत. सिंगापूरला थंडी औषधालासुद्धा नाही, पण ओल बारा महिने आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी ती जुनी शॉपहाऊसं — रंगीत खिडक्या बघून तुम्ही ज्यांच्यासमोर फोटो काढता — त्यांच्या पायातून पाणी वर चढत असतं. वीट ते पिते. वर चुन्याचा गिलावा असेल तर तो ते हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंटचा असेल तर आत कोंडतो. एवढंच शास्त्र आहे, बाकी माझ्या स्लाइड्स.

तर असं एक घर होतं, लिटिल इंडियातल्या एका मागच्या गल्लीत. आत मधोमध उघडा चौक, आणि चौकाच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला चुन्यात घडवलेली फुलं — मालकीणबाईंच्या आजोबांनी कारागीर आणून करून घेतलेली. बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाकी काही करा, फुलांना धक्का लावू नका. भिंत खालून छातीपर्यंत ओली होती. लोणा लागलेला, गिलाव्याचे पोपडे सुटलेले. आम्ही जुना गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या आणि सुकायला ठेवल्या.

आणि तिथे सेल्वम होता.

तो कंत्राटदाराचा मुख्य गवंडी. तामिळनाडूतला, सिंगापुरात एकोणीस वर्षं काढलेला, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठा. पुण्यात असतो तर त्याला 'मामा' म्हटलं असतं. इथे नुसतं सेल्वम म्हणायचो, आणि तो मला सर. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. का? तर मी मालकीणबाईंना माझं ओल मोजायचं यंत्र लावून दाखवत होतो, ही बघा, इथे भिंत सुकतेय — आणि याने मागून येऊन तिथेच तळहात टेकवला. "नो, सर. इनसाइड स्टिल वेट." बाईंसमोर! दुसऱ्या दिवशी वीट काढून पाहिली तर आत चिखल. त्याने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, निदान मला त्याचा राग करायला कारण मिळालं असतं. मी कारणाशिवाय केला.

त्याची एक पद्धत होती. दर सोमवारी सकाळी, ओल जिथपर्यंत चढली असेल तिथे तो निळ्या मेणखडूने विटांवर आडवी रेघ मारायचा. बाजूला तारीख लिहायचा. आणि मग खडू माझ्या हातात द्यायचा — "सर, साइन." का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "लेटर नोबडी फाइट." मला हसू आलं होतं. भिंतीवर कसली सही? पण करायचो. आणि मी मराठीत सही करतो. बँकेत, पासपोर्टवर, सगळीकडे. तो माझा बाणा होता, मित्रांना मी तो ऐकवायचो — बाबांनो, नाव मायबोलीत लिहायला लाज कसली? त्या अख्ख्या साइटवर देवनागरी लिहिणारा मी एकटा होतो. सात सोमवार, सात रेघा, प्रत्येकीशेजारी माझं आडनाव. रेघा खाली उतरत होत्या, पण बोट-बोटभर. सातवी अजून कमरेच्या वर होती.

डिसेंबर आला, पाऊस लागला, आणि बाईंनी घाई सुरू केली. चिनी नववर्षाचं कुटुंबाचं जेवण त्यांना त्याच घरात घालायचं होतं, त्यांच्या म्हाताऱ्या आईला त्या चौकात बसवायचं होतं. चुना तीन महिने मागत होता. मी नाही म्हणू शकत होतो. नाही म्हणणं हेच तर माझं काम! पण बाई बड्या लोकांत उठबस करणाऱ्या, त्यांच्या ओळखीत अशी आणखी घरं होती, आणि मी त्यांना म्हणालो — होईल. गुरुवारी सेल्वमला सांगितलं, खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा मार, वरून चुना फासू, कुणाला कळतंय. कागदावर काही लिहिलं नाही. मी एवढा मूर्ख नव्हतो.

तो थापी हातात धरून उभाच राहिला. "सर, कॅनॉट. वॉटर विल गो अप. फ्लावर डाय." एवढंच म्हणाला. मी आवाज चढवला — इंजिनिअर कोण आहे, तू की मी? सगळी माणसं बघत होती. त्याने मान खाली घातली आणि सिमेंट कालवायला घेतलं. तेव्हा मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. पहिल्या दिवसाचं उट्टं निघालं असं वाटलं.

जेवण झोकात झालं. माझा सत्कार झाला, शुभशकुनाच्या पैशांचं लाल पाकीटसुद्धा मिळालं. आणि पाच महिन्यांनी फुलं गळायला लागली. कोंडलेलं पाणी सिमेंटच्या वरून निघालं, नेमकं नक्षीत. पाकळ्यांची भुकटी होऊन रोज सकाळी फरशीवर पडायची. सेल्वमने सांगितलं होतं तस्संच. सांगितलं होतं त्याच शब्दांत.

बाईंनी दुसरा तज्ज्ञ बोलावला. सोमवारी पाहणी ठरली. त्याआधी शनिवारी मी एका दिवसापुरती बाहेरची दोन माणसं लावून खालचा सैल गिलावा उतरवायला सांगितला. तो उतरवायची गरजच पडली नाही, पापुद्र्यासारखा हातात आला. आणि त्याखाली — तुमच्या लक्षात आलं असेल — मेणावर गिलावा धरत नाही. सातही रेघा होत्या. तारखा होत्या. सातव्या रेघेची तारीख सिमेंट मारलं त्याच आठवड्यातली, आणि शेजारी ठसठशीत मराठीत मी. म्हणजे भिंत ओली आहे हे मला ठाऊक होतं, आणि ते मी सही करून कबूल केलं होतं. सेल्वम तेव्हा दुसऱ्या साइटवर होता. त्याचं इथे काम करायचं परमिट त्याच वर्षी नव्याने व्हायचं होतं, हे मला माहीत होतं. त्यानेच कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायला मला कुठेच जागा नाही.

रविवारी सकाळी मुग्धाला म्हटलं, साइटवर पाणी आलंय, बघून येतो. किल्ली माझ्याकडे होती. आधी ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. मेण हललं नाही. मग तारेचा ब्रश घेतला. जुन्या विटेला तारेचा ब्रश लावायचा नाही, हे मी वर्गात पहिल्याच तासाला शिकवतो — विटेची भाजलेली कातडी एकदा सोलली की ती पुन्हा येत नाही, मग ती वीट दुप्पट पाणी पिते. मी दोन तास घासलं. सात रेघा, सात सह्या. शंभर वर्षांच्या विटा माझ्या अंगावर लाल भुकटी होऊन उडत होत्या आणि मी घासत होतो.

बाहेर पडलो तर गल्लीच्या तोंडाशी सेल्वम. रविवार म्हणजे त्याची सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी त्याचे सगळे गाववाले लिटिल इंडियातच असतात. हे मला सुचू नये? इस्त्रीचा शर्ट, कपाळाला विभूती. "सर! संडे ऑल्सो वर्किंग, आह?" त्याने माझ्या खांद्यावरची भुकटी हाताने झटकली. मला हाताला धरून कोपऱ्यावर नेलं आणि चहा पाजला. पैसे मला देऊ दिले नाहीत. फुलांचं ऐकलं म्हणाला, वाईट झालं म्हणाला. मी चहा प्यायलो. सगळा संपवला.

सोमवारी कंत्राटदार, बाई आणि तो नवा तज्ज्ञ यांच्यासमोर मी सांगितलं, की मी चुना सांगितला होता. गवंड्याने काम लवकर उरकावं म्हणून मनानेच सिमेंट मारलं. आणि विटा सोलल्यात त्यासुद्धा त्यानेच, जुना गिलावा काढताना. माझा आवाज कापेल असं मला वाटलं होतं. जराही कापला नाही.

त्याला दुसऱ्या साइटवरून बोलावून घेतलं. तो आला तो निर्धास्त. त्याला खात्री होती ना! म्हणाला, "सर टेल सिमेंट. आय से कॅनॉट. एव्हरी मंडे सर साइन ऑन द वॉल. गो, सी." आणि आमच्या पुढे चालत स्वतःच चौकात गेला.

भिंतीवर काहीही नव्हतं.

त्याने हात विटांवर ठेवला, तळहात, पहिल्या दिवशी ठेवला होता तसाच. मग उचलून पाहिला. बोटं लाल झाली होती. त्याने ती लाल बोटं पाहिली आणि मग माझ्या खांद्याकडे पाहिलं — तोंडाकडे नाही, खांद्याकडे, जिथली भुकटी त्याने आदल्या दिवशी झटकली होती तिथे. त्याला कळलं. मला कळलं की त्याला कळलं. कंत्राटदार म्हणाला, "वेअर? नथिंग, लाह." त्या गुरुवारी बघत उभ्या असलेल्या माणसांना विचारावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. तो एका वाक्यात मला संपवू शकत होता — काल सर इथे होते, मी पाहिलं. तो बोलला नाही. हात पँटला पुसून उभा राहिला.

का बोलला नाही? मला माहीत नाही. माझी दया आली? किळस आली? की सरांच्या शब्दापुढे आपला टिकणार नाही, हे त्याला एकोणीस वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं? बोलला असता तर मी भांडलो असतो, त्याला खोटा पाडला असता आणि बहुतेक जिंकलो असतो. त्याने मला तेवढीही संधी दिली नाही. त्याचा मला राग आहे. होय, आजही आहे. ज्याचं वाटोळं केलं त्याचाच राग — हे असलं नीच माझ्यात आहे, तेही तुम्ही पाहून ठेवा. त्याचं परमिट रद्द झालं. आठवड्याच्या आत तो परत गेला. जुन्या भिंतीत सिमेंट भरणारा आणि विटा सोलणारा गवंडी म्हणून गेला. मी विमानतळावर गेलो नाही, फोन केला नाही, त्याचा पत्ता मिळवणं सोपं होतं तरी मिळवला नाही.

आता मी शिकवतो. इथल्या तरुण इंजिनिअरांना भिंतीसमोर उभं करून सांगतो, यंत्रावर विसंबू नका, तळहात टेकवा. दर सोमवारी मेणखडूने रेघ मारा, तारीख घाला, सही करा. या पद्धतीला ते माझं नाव घेऊन ओळखतात. ही कुणाकडून शिकलात, असं एकीने मागच्या महिन्यात विचारलं. मी म्हणालो, अनुभवातून.

त्या रेघांशेजारी मी आता इंग्रजीत सही करतो. पासपोर्ट नवा करायला टाकला तेव्हा तिथलीही बदलली. मुग्धा अर्ज वाचत होती. म्हणाली, "अरे, मराठी सही सोडलीस? तू?"

मी म्हटलं, इथे हीच सोयीची पडते.