तुटलेल्या पट्टीची तोंडं

धुकं इतकं दाट होतं की सकाळ होऊनही प्रयोगशाळेच्या दारातला दिवा पेंगत जळत होता. भट्टीवालीनं शाल खुंटीला अडकवली आणि निवलेली भट्टी उघडली. सगळे तिला भट्टीवालीच म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर पडायचं.

विमानाच्या इंजिनाची पाती ज्या सिरॅमिकची करायची, त्याच्या पट्ट्या ती तेराशे अंशांवर भाराखाली ठेवायची आणि किती दम धरतात ते बघायची. आजची पट्टी फारच लवकर मोडली होती. चिमट्यानं तिनं दोन्ही तुकडे कापसावर ठेवले, वेगवेगळे, तुटलेली तोंडं वर करून. ही तोंडं एकमेकांना लावायची नाहीत. पट्टीच्या पोटात पोकळी होती की ती बसवलीच वाकडी होती, ते त्या तोंडांवरच दिसतं. घासली की संपलं. नवीन असताना तिनं तुकडे जोडून पाहिले होते, तेव्हा मोठ्या सरांनी हातावर चापट मारली होती.

भिंग पुसून ती परतली, तर मोठे सर इंजिन कारखान्याच्या पाहुण्यासमोर उभे. बोटांत तेच तुकडे, एकमेकांत बसवून चोळत होते.

"बघा, कसे चपखल बसतात. माल एक नंबर आहे. पट्टी बसवताना आमच्या बाईंचा हात हलला असणार."

तिच्या कानांतून वाफा निघाल्या. "सर, तोंडं जोडलीत तुम्ही."

"अगं, यांना दाखवत होतो."

"आता दाखवायला उरलंय काय?"

कोपऱ्यात पट्ट्या गुळगुळीत करणारे काका मान वर न करता म्हणाले, "घासायचं काम माझं होतं, सर. तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

सरांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. "बाई, चूक मान्य करण्यात कमीपणा नसतो."

"चूक माझी असती तर तिथं दिसली असती, आणि मी मुकाट्यानं मान्य केली असती. तुम्ही ती बघायची सोयच ठेवली नाहीत. हेच मी केलं असतं तर आज घरी बसवलं असतंत मला."

"हळू बोल, पाहुणे आहेत."

"पाहुण्यांनीच ऐकावं. उद्या पातं मोडलं तर विमानात बसलेल्यांना काय सांगायचं, बाईंचा हात हलला म्हणून?"

पाहुणा चुळबुळला. "म्हणजे माल न्यायचा की नाही?"

"याच घाण्यातल्या आणखी पट्ट्या मोडून बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. बसवताना तुम्ही इथं थांबा. हात हलतो का, डोळ्यांनी बघा."

"यांना आजच उत्तर हवंय," सर म्हणाले.

पाहुण्यानं कोट काढला आणि स्टूल ओढलं. "थांबतो मी."

"बरं. चहा पाठवतो," म्हणून सर निघून गेले. जाताना तुकडे टेबलावर टाकले, सुपारीचे तुकडे टाकावेत तसे.

तिनं नवी पट्टी आधारांवर ठेवली, वाकून दोन्ही बाजूंनी पाहिली, पाहुण्याला पाहायला लावली, भार चढवला. भट्टीचं दार लागलं. डोक्यातला संताप काही निवला नव्हता. आता भट्टी तापायला वेळ होता. काकांनी घासलेल्या पट्ट्या पुढ्यात ओढून ती एकेक फडक्यानं पुसून डब्यात लावू लागली.