मेट्रोची तार आणि विनिफ्रेडचा पलंग

मेट्रो हनाट्युककडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका मायक्रोवेव्हच्या अंत्ययात्रेत. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या आमच्या वृद्धनिवासात मी तेव्हा नुकताच राहायला आलो होतो. दोघे मदतनीस कॉफीच्या खोलीतला मायक्रोवेव्ह ढकलगाडीवर घालून बाहेर नेत होते, आणि त्यांच्या मागून एक उंच म्हातारा, म्हणजे हाच मेट्रो, गंभीर चेहऱ्याने चालला होता.

"हाच गुन्हेगार," त्याने मला थांबवून सांगितलं. "याच्या लहरींनी विनिफ्रेडचा पलंग हलतो."

विनिफ्रेड टॉमलिन त्याच्या शेजारच्या खोलीत राहायची. पाठ कायमची धरलेली, त्यामुळे विजेच्या पलंगाची उशाकडची बाजू वर झाल्याशिवाय तिला उठता येत नसे. हा पलंग रोज सकाळी नाश्त्यानंतर, कोणी बटणाला हात न लावता, गचके देऊ लागला होता. तिने तक्रार केली नव्हती. आमच्याकडे तक्रार करणं म्हणजे भरल्या पंगतीत नाक शिंकरण्यासारखं. मदतनीस मुलीने तो प्रकार डोळ्यांनी पाहिला, तेव्हा विनिफ्रेडनेच तिची माफी मागितली. "सॉरी हं, बहुतेक मीच जड झालेय."

व्यवस्थापक शेरिलने समिती नेमली आणि मेट्रोला सल्लागार केलं. रेडिओतलं त्याच्याएवढं कोणाला कळतं? शेती करत असल्यापासून त्याच्याकडे हौशी रेडिओचा परवाना होता. खोलीत संच होता, खिडकीतून निघालेली अँटेनाची तार विनिफ्रेडच्या खिडकीवरून पलीकडच्या झाडाला बांधलेली. रोज नाश्ता झाला की तो कळ दाबून देशाच्या पार पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडला राहणाऱ्या क्लॅरेन्सशी मोर्सच्या कडकट्टमध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या भाषेत बोलायचा. तरुणपणापासूनची दोस्ती, पण भेट एकदाही नाही. क्लॅरेन्सच्या कानांना आता शब्द उमगत नसत, कडकट्ट तेवढं उमगे. त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता.

पलंग नाश्त्यानंतर हलतो आणि मेट्रो नाश्त्यानंतरच कळ दाबतो, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण खुद्द सल्लागारावर संशय घेणं बरं दिसलं नसतं. म्हणून मायक्रोवेव्ह गेला. मग खोल्यांबाहेरच्या बोळात मोबाइलला बंदी आली. मग मेट्रोच्या देखरेखीखाली पलंगाच्या सांगाड्याला स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळला गेला आणि पलंग भट्टीत भाजायला ठेवायच्या टर्की पक्ष्यासारखा दिसू लागला. गचके चालूच राहिले. मेट्रो म्हणाला, "कागद पातळ आहे."

एका दुपारी आम्ही तिघं पत्ते खेळत होतो. विनिफ्रेडने डाव मारला.

"गुण मोजताना लबाडी करतेस तू," मेट्रो म्हणाला.

"माहीत आहे तुझं मत. क्लॅरेन्सला कळवलंस ना मंगळवारी? शेजारची म्हातारी पत्त्यांत चोर आहे आणि मालगाडीसारखी घोरते."

मेट्रोच्या हातातले पत्ते तसेच राहिले. "कोणी सांगितलं तुला?"

"पलंगाने. लग्नाआधी मी रेल्वे स्टेशनवर मोर्समधून येणाऱ्या तारा उतरवून घ्यायचे, मेट्रो. तुझा हात संथ आहे, एकेक अक्षर पाठीला कळतं. शुद्धलेखन मात्र भयंकर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा संच उचलून नेला असता त्यांनी. आणि क्लॅरेन्सशी बोलणार कोण, मी?"

"पाठ दुखत नाही?"

"दुखते की," ती म्हणाली. "पान टाक."

मेट्रो त्या दिवशी पुढचे सगळे डाव हरला.

पलंगाला त्रास देणारी वस्तू इमारतीत ठेवायची नाही, हा समितीचा ठराव. पुढच्या बैठकीत मेट्रो उभा राहिला. "मायक्रोवेव्ह निर्दोष आहे. गुन्हेगार माझा संच."

"असं मनाला लावून घेऊ नका हो," शेरिल म्हणाली. "तुम्ही तर आमचे सल्लागार."

शेवटी तिला विनिफ्रेडच्या खोलीत उभं करून मेट्रोने शेजारून कळ दाबली. चंदेरी कागद कुरकुरला. पलंग उचकी लागल्यासारखा हलला.

"सॉरी, मेट्रो," शेरिल बैठकीत परत येऊन म्हणाली. "संच न्यावा लागेल."

तेव्हा विनिफ्रेड बैठकीच्या दारात आली, चाकांच्या वॉकरवर रेलून. "मला तक्रार करायची आहे," ती म्हणाली. सगळ्यांच्या खुर्च्या दाराकडे वळल्या. "पलंग इतका हलक्या कानाचा का? आधी तो बनवणाऱ्यांचा माणूस बोलवा. मग काय न्यायचं ते न्या."

इतकी मोठी तक्रार त्या इमारतीने ऐकली नव्हती. समितीने घाबरून होकार दिला.

कारागीर आला. बटणांच्या लांब केबलवर त्याने बोट ठेवलं. ही केबलच अँटेना होऊन मेट्रोच्या लहरी पकडत होती आणि पलंगाला तो बटण दाबल्याचा हुकूम वाटत होता. त्याने केबलच्या दोन्ही टोकांना नको त्या लहरी अडवणारी काळी चुंबकी कडी बसवली, सांगाड्याचं सैल अर्थिंग घट्ट केलं आणि मेट्रोची तार विनिफ्रेडच्या खिडकीवरून काढून अवजारांच्या खोपटामागे न्यायला लावली. कागद त्याने न बोलता घडी करून शेरिलच्या हातात दिला. मग मेट्रोने कळ दाबली. पलंग ढिम्म.

संच राहिला. मायक्रोवेव्हही परत आला, पण त्याची माफी कोणी मागितली नाही.

मेट्रो आता एक्याण्णव वर्षांचा आहे. क्लॅरेन्सशी बोलणं संपलं की तो शेजारच्या खोलीत जातो आणि सगळी बातमी विनिफ्रेडला तोंडी सांगतो.