सुमीला काय म्हणायचं

संत्र्याच्या सालीत नख रुततं तेव्हा येतो तो आवाज म्हणावा की गंध? मला अजून ठरवता आलेलं नाही. रामाकोना गावी बहिणीच्या घरात माझी भाची सुमी तेवढ्याने दोन खोल्या ओलांडून येई आणि हात पुढे करी. सोलणाऱ्याच्या तोंडाकडे मात्र कधी पाहत नसे.

सुमी सातव्या महिन्यात जन्मली. अशा बाळाला आमच्याकडे सरकी काढलेल्या कापसात गुंडाळून ठेवत. घरच्याच पिकाला काय तोटा! पुढे ती हाकेला वळेना, बोलेना, चिंध्या ओळीने मांडत बसे, तेव्हा सगळे म्हणत, लवकर आली म्हणून उशिरा बोलेल. ही समजूत आम्हाला काही वर्षं पुरली. मग तिच्या आजीने शोध लावला, कानात कापूस गेला असेल. भाऊजींनी पाठीमागे परात बडवली. गोठ्यातली म्हैस दचकली, सुमी नाही. बहिरी ठरली. नागपूरच्या मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात तिला ठेवायचं, भाऊजींनी सांगून टाकलं.

"परात नाही ऐकत, पन संत्र ऐकते ना," बहीण म्हणे.

"वासानं येते थे," भाऊजी म्हणत.

नागपूरच्या डॉक्टरांच्या पाटीवर पदव्यांच्या गर्दीत नाव शोधावं लागे. त्यांनी घंटा वाजवली, टाळ्या वाजवल्या. सुमी पंख्याच्या सावलीत मग्न. शाळेला लागणारा बहिरेपणाचा दाखला लिहायला पेन उघडलं गेलं. भेट म्हणून नेलेली संत्र्यांची टोपली केव्हाची दरवळत होती. तीतलं एक संत्रं भाऊजी आदबीने साहेबांसाठी सोलू लागले, आणि नख लागताच सुमी गर्रकन वळली.

"ऐकते की ही," म्हणत साहेबांनी पेन मिटलं.

"मंग बोलून काहून नाही राहिली, साहेब?" भाऊजींनी विचारलं.

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

स्वमग्नता हा भारदस्त शब्द मला पुष्कळ पुढे भेटला. अकाली जन्मलेल्या मुलांत ती अधिक आढळते आणि 'लवकर आली ना' या समजुतीआड दडून राहते, हेही तेव्हाच वाचलं. शब्द मिळाला, सुमी समजली का? कोण जाणे.

परतीच्या बसमध्ये बहिणीने सुमीला मांडीवर घट्ट धरलं होतं. वसतिगृह टळलं होतं. शाळामास्तर असलेल्या मला भाऊजींनी विचारलं, "बहिरी नाही, पागल नाही. मंग लोकायले काय सांगू मास्तर, ही काय आहे?"

बहीणच म्हणाली, "सुमी आहे म्हना."

नाव ऐकून सुमीने अर्थातच वर पाहिलं नाही. भाऊजींनी मात्र पाहिलं.