सुकरीच्या गळ्यावरची कोरी जागा

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. जन्मभर सर्जरी केली. माणूस आतून कसा असतो ते या डोळ्यांनी पाहिलंय, तिथे भुताला बसायला जागा नाही! तरी एक केस... वाचा आणि तुम्हीच ठरवा.

साठचं दशक. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, बोईसर स्टेशनवर हिंदी बोलणारे मजूर दिसू लागले होते. मी पालघरच्या एका छोट्या इस्पितळात सर्जन होतो. वय बत्तीस. हात भराभर चालायचा आणि तोंड त्याहून जास्त. गलगंडाचं ऑपरेशन माझ्याइतकं झटपट या भागात कोणी करत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

सुकरी मनोरकडच्या डोंगरातली, दोन लहान मुलींची आई. गळ्याची गाठ मोठ्या पेरूएवढी झालेली आणि ती श्वासनळी दाबत होती. उताणी झोपली की बाई घुसमटायची. गाठ काढली नसती तर ती फार दिवस जगत नव्हती.

सोबत तिची आत्या होती, गावोगाव फिरून बायकांना गोंदणारी. सुकरीच्या हनुवटीपासून छातीपर्यंत हिरव्या ठिपक्यांची सरळ रेघ होती, ती लहान असताना आत्यानेच गोंदलेली. फक्त गळ्याच्या खळग्यात दोन बोटं जागा कोरी.

“डाक्टर, तितं हत्यार नको लावू,” आत्या म्हणाली. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची.

“का गं? शाई संपली होती वाटतं?”

नर्स हसली. आत्या नाही हसली. “सुई जाय नाय. थांबली तितं.”

मी तो खळगा तिच्यासमोर चाचपला. काहीही लागलं नाही. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. चीर घेतली, कातडी उचलली. आता गळ्याचे स्नायू मधोमध उभे सोडवत खाली खळग्यापर्यंत जायचं. इथे नियम असा की आधी बोटाने चाचपावं, मग कात्री. माझी खोड अशी की कात्रीच सरळ खाली सरकवायची – वेळ वाचतो ना! कात्री लावली... आणि हात थांबला.

थरथरला नाही, बधिर झाला नाही. नुसता थांबला. खरं सांगतो, त्या क्षणी मला आत्या आठवतही नव्हती.

“डॉक्टर?” नर्सने विचारलं.

मी कात्री ठेवली आणि बोट आत घातलं. स्नायूंच्या मागे अंगठ्याएवढी जाड धमनी उडत होती!

उजव्या हाताला आणि डोक्याला रक्त नेणारी ही मोठी धमनी बहुतेकांच्या छातीच्या हाडामागे दडलेली असते. क्वचित कोणाच्या शरीरात ती वर चढून श्वासनळीवरून आडवी जाते. हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. कात्री अर्धा इंच पुढे गेली असती तर सुकरी टेबलावरच संपली असती. मला दरदरून घाम फुटला. मग अख्खं ऑपरेशन मी नवशिक्यासारखं, बोटाबोटाने केलं. दुप्पट वेळ लागला, पण गाठ निघाली आणि त्या रात्री सुकरी कित्येक महिन्यांनी उताणी झोपली.

तुम्ही म्हणाल, गोंदताना आत्याच्या बोटाला ठोका लागला असेल. मीही तेच म्हणालो. पण टाके काढताना मी खळगा पुन्हा दाबून पाहिला, धमनी कुठे आहे ते माहीत असून! वरून काही म्हणता काही लागत नव्हतं.

शेवटी आत्यालाच विचारलं, “तुझी सुई कोणी थांबवली गं?”

ती आईला न्यायला आलेल्या मुलींच्या झग्यांची बटणं लावत होती. मान वर न करता म्हणाली, “मला काय ठावं? तुजा हात कोनी थांबवला, ते तू सांग.”

पुढे तीस वर्षं मी गळे उघडले, दरवेळी आधी बोट आणि मग कात्री.