केबिनच्या कोनाड्यातला गणपती

कापूर आणि जळलेला कार्बन यांचा एकत्र वास मला आयुष्यात एकाच ठिकाणी भेटला. त्यातला एक वर जाणारा, देवघराचा; दुसरा धातूसारखा, घशात रुतणारा. आमच्या फणसवाडीपासून चार पावलांवर असलेल्या, कैक वर्षे बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या वरच्या केबिनमध्ये, जिथे यंत्रात कार्बनच्या कांड्या जाळून पडद्यावर चित्र पाडत, ते दोन्ही भिंतींत मुरले होते. गेल्या माघात, सकाळच्या कोवळ्या उन्हात, त्या केबिनच्या लोखंडी जिन्याशी मी उभा राहिलो, तेव्हा वरून कापराचा ताजा दरवळ उतरत आला आणि मला कळले, तिथले जुने ऑपरेटर दत्तारामभाऊ यांनी पूजा आरंभली आहे.

बोलावणे त्यांच्या मुलीचे, सुनंदाचे होते. "काका, बाबा पहाटेच लालबागहून निघाले आणि वर जाऊन बसलेत. खाली यायलाच तयार नाहीत. आता फक्त तुमचंच ऐकतील." तिच्या मागे पाडकामाचा मुकादम पिवळे शिरस्त्राण काखेत धरून उभा होता. "आजोबा, बाराला मशीन येणार. वरची बाजू आधीच हललीय. एवढ्या वयात कोणी वर चढतं का? नंतर माझ्या हातात काही राहणार नाही."

जिन्याच्या तीन पायऱ्या काढून नेल्या होत्या. कठडा धरला की तो हाताबरोबर यायचा. पंचाहत्तरी उलटलेला मी, मनात नाम घेत, एकेक पायरी चाचपत चढत होतो. आणि प्रत्येक पायरीगणिक मला माझाच एक जुना अपराध खालून वर येताना दिसत होता.

तेव्हा मी नुकताच वेदपाठशाळेतून बाहेर पडलो होतो. दर शुक्रवारी नव्या चित्रपटाच्या रिळांचे डबे आले की त्यांना कुंकू लावायचे, यंत्रापुढे नारळ फोडायचा आणि मगच खेळ सुरू करायचा, अशी तिथली रीत होती आणि ते काम भटजी म्हणून माझ्याकडे आले होते. ऑपरेटर दत्ताराम माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, मालवणकडचे, पापभीरू. त्यांनी एकदा तीन बोटे उंचीची संगमरवरी गणेशमूर्ती आणली आणि म्हणाले, नारळाबरोबर हिलाही दोन फुले वाहा. एवढेच. परंतु मस्तकात विद्या ताजी होती आणि ऐकायला माणसे उभी होती. मी कोनाडा धुवायला लावला, सिमेंट कालवायला लावले आणि जी प्रतिष्ठा देवालयाच्या गर्भगृहात करावी, ती स्थिर प्रतिष्ठा त्या सहा हातांच्या तप्त खोलीत केली. निघताना गंभीर स्वरात बजावले, हा देव आता हलायचा नाही आणि याची नित्यपूजा चुकायची नाही.

त्यांनी ती चुकवली नाही. खेळ बंद झाले, यंत्र भंगारात गेले, खुर्च्या उचलल्या गेल्या, तरी सकाळची बस धरून ते येत राहिले. माझी चूक मला चार-पाच वर्षांतच उमगली होती. सुधारता आली असती. पण पुन्हा वर चढून "मी चुकलो" म्हणणे मला जमले नाही, आणि मौनालाच मी संयम समजत राहिलो.

दत्तारामभाऊ भिंतीला टेकून बसले होते. कोनाड्यात निरांजन, जास्वंदीचे फूल. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "भटजी, तुमीच सांगितलात मा? देव हलूचो नाय. मग मी कसो हलू?"

मी सांगितले की स्थलांतराचा विधी आहे, क्षमायाचना आहे. त्यांनी मान हलवली. "शास्त्र तुमचा. शब्दय तुमचोच होतो."

खालून मुकादमाने हाक दिली. पायांखालची फरशी क्षणभर थरथरली. मी त्यांच्यासमोर बसलो आणि इतक्या वर्षांनी बोललो. "दत्तारामभाऊ, तुम्ही दोन फुलं मागितली होतीत. प्रतिष्ठा मी माझ्या विद्येचा तोरा दाखवायला केली. इथे ती करायचीच नव्हती. चूक माझी. हा नेम तुमच्यावर मी उगाच लादला."

त्यांनी निरांजनाची वात सारखी केली. मग एकाएकी हसले, खोकला येईपर्यंत. "म्हंजे पन्नास वरसां माका फुकट जिनो चढवलात!" आणि डोळे पुसून म्हणाले, "बसवलात तुमी, काडूक पन तुमीच व्हये."

मुकादमाने छिन्नी-हातोडी वर आणून दिली. दर्भ आणि पळी यांचीच सवय असलेल्या हातांत मी ती घेतली. क्षमा मागून मी पहिला घाव घातला, सिमेंटची कपची उडाली. दुसरा घाव घालताना डोळे मिटले गेले. "डोळे उघडे ठेवा, भटजी, सोंड जायत!" दत्तारामभाऊ ओरडले. तिसऱ्या घावाला मूर्ती सुटली आणि त्यांच्या ओंजळीत उतरली, एक ओरखडाही न पडता.

ती छातीशी धरून ते निघाले. दाराशी थांबून त्यांनी विचारले, "पन इतकी वरसां तो हयच होतो, ह्या तरी खरा मा?"

 मी मान डोलावली, एवढेच. ती शास्त्राच्या आधाराने डोलावली असे म्हणवत नाही.

मुकादमाचा हात धरून ते उतरू लागले. मी मागे राहिलो. काजळलेल्या कोनाड्यात मूर्तीच्या आकाराचा एक शुभ्र ठसा उमटला होता. शेजारी भिंतीला ते चौकोनी भोक, ज्यातून प्रकाश पडद्याकडे जात असे. काच लख्ख पुसलेली, बहुधा आज सकाळीच. नारळ फोडून खेळाआधीच उतरून जाणाऱ्या मला त्यातून कधी पाहावेसे वाटले नव्हते. आता वाकून पाहिले. खाली रिकामी फरशी, पडद्याच्या जागी उघडी भिंत; आणि छपराच्या फटीतून आलेले ऊन तिच्यावर संथपणे सरकत होते, धुळीचे कण त्यात चढत-उतरत होते.

"काका, या ना आता!" सुनंदाने हाक मारली. मी हात जोडले आणि जिन्याकडे वळलो. ते हात कोनाड्याला जोडले की त्या काचेला, हे तेव्हा मला उमगले नाही, आणि आजही नाही.