ह्यांनी स्वित्झर्लंडला घेतलेलं घड्याळ

माझ्या यजमानांनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी एकच महाग वस्तू घेतली, ते घड्याळ. घेतलं त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. आणि पुढे त्या घड्याळापायी माझ्या हातून जे झालं, ते मी अजून मुलीलाही धड सांगितलेलं नाही. मी त्यांना 'अहो' म्हणते आणि चारचौघांत 'हे'. लिहितानाही तेच येईल.

हे जहाजावर इंजिनिअर होते. दाभोळजवळच्या एका वाडीतून निघून, बोटीवर चढून, बत्तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. मी रत्नागिरीत शाळेत गणित शिकवायची. मुलीचं शिक्षण, तिचं लग्न, गावाबाहेरचं हे घर, सगळं त्यांच्या पगारावर उभं राहिलं. बरोबरचे लोक सिंगापूरला उतरले की घड्याळं घ्यायचे, कॅमेरे घ्यायचे. हे माझ्यासाठी मिक्सर आणि मुलीसाठी कंपासपेटी घेऊन यायचे. यांच्या मनगटावर लग्नातलं स्टीलचं घड्याळ होतं, तेच नोकरीच्या शेवटपर्यंत राहिलं. मला वाटायचं, यांना हौसच नाही.

मी निवृत्त झाले त्या वर्षी मुलीने हट्टाने आम्हाला युरोपच्या सहलीला पाठवलं. पुण्या-मुंबईची चाळीस माणसं, एक बस, एक गाइड. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला तळ्याकाठी बस थांबली आणि गाइडने खरेदीला दीड तास दिला. बाकीचे चॉकलेटं घ्यायला पांगले. हे सरळ एका घड्याळाच्या दुकानात शिरले, आधीपासून ठरवल्यासारखे.

आत गालिचा, मंद दिवे, कुजबुजत बोलणारी माणसं. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने चामड्याच्या तबकात तीन घड्याळं मांडली. ह्यांनी मधलं उचललं, कानाशी धरलं, उलटं करून मागच्या काचेतून त्याची चाकं बघत बसले. इंजिन बघताना त्यांचा चेहरा असाच होत असावा. मी किंमत विचारली. दुकानातल्या त्या मुलीने ती कागदावर लिहून दाखवली. तो आकडा मी इथे लिहीत नाही. माझ्या शाळेतल्या शिपायाने घर बांधलं ते त्याहून कमी पैशांत.

मी म्हटलं, "अहो, वेड लागलंय का?"

ते शांतपणे म्हणाले, "आयुष्यात एकदा चांगलं घड्याळ घ्यायचं म्हणतोय. तू नाही म्हणू नकोस."

मी नाही म्हणाले, बरंच काही म्हणाले. त्यांनी कार्ड काढून दिलं. मग कर परत मिळवण्याचा एक फॉर्म भरायचा होता. हे पत्त्याच्या रकान्यापाशी थांबले आणि हळूहळू दाभोळजवळच्या त्यांच्या वाडीचा पत्ता लिहिला. तिथे ते चाळीस वर्षांत राहिले नव्हते. घर कधीच पडून गेलेलं. मी फॉर्म ओढून घेतला, खोडलं आणि रत्नागिरीचा पत्ता घातला. इतके पैसे घालवल्यावर माणूस स्वतःचा पत्ताही विसरणारच, असं काहीतरी मी बोलले. ते हसले.

दोन दिवसांनी आम्ही पॅरिसमध्ये होतो. सगळा ग्रुप रस्त्याने चाललेला, मी त्यांच्याशी अबोला धरलेला. एका दुकानाच्या काचेपाशी हे थांबले. आत घड्याळं मांडली होती. माझ्याकडे वळून म्हणाले, "आयुष्यात एकदा चांगलं घड्याळ घ्यायचं म्हणतोय. तू नाही म्हणू नकोस."

तेच शब्द, तोच सूर. नवं घड्याळ मनगटावर होतं. मला वाटलं, माझ्या अबोल्यावर हे मला टोमणा मारताहेत. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मग हातात काय आहे? आंधळे झालात का?" ग्रुपमधल्या दोघी तोंडाला रुमाल लावून हसल्या. ह्यांनी मनगटाकडे बघितलं. मग तेही हसले, पण विनोद न कळता माणूस दुसऱ्यांबरोबर हसतो तसे. मी ते पाहिलं होतं. पाहिलं आणि पुढे चालायला लागले.

घरी परतल्यावर दिवस नेहमीसारखे सुरू झाले. आमच्याकडे एक बाई कामाला यायची. सोळा वर्षं येत होती. जवळच्याच गावातली, नवरा लवकर गेलेला, एक मुलगी. आमच्यासह तीन घरं करायची. मी नोकरीत होते तेव्हा घराची किल्ली तिच्याकडे असे. ह्यांना ती साहेब म्हणायची, मला वैनी. हे सुट्टीवर आले की कशी पेज लागते, कुठला मासा चालत नाही, हे तिला माझ्याआधी कळायचं.

पहिल्यांदा तिच्याच ध्यानात आलं. फेब्रुवारीत एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली, साहेब आज मला तुझं नाव काय विचारत होते. मी म्हटलं, मस्करी केली असेल. चार दिवसांनी म्हणाली, विहिरीवरचा पंप चालू करायला गेले आणि तिथेच उभे राहिले, कशाला आलो ते सुचेना त्यांना. मग मान वर न करता म्हणाली, "वैनी, साह्यबांना डॉक्टरला दाखवा." मला राग आला. माझ्या नवऱ्याविषयी हिने मला सांगावं? मी तिला म्हटलं, तू आपलं काम बघ. ती पुन्हा त्यावर कधी बोलली नाही.

मार्चमध्ये घड्याळ नाहीसं झालं.

सकाळी मी पोळ्या करत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "घड्याळ गेलं. तिने घेतलं." मी विचारलं, कुणी? "तिनेच. काल सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कपाटापाशी उभी होती. मी बघितलं. निळं लुगडं होतं अंगावर. पदराखाली काहीतरी होतं."

बत्तीस वर्षं हा माणूस दर चार तासांनी इंजिनाच्या वहीत आकडे लिहीत आला होता. दहा वाजून वीस मिनिटं म्हणाले म्हणजे वीसच. मी कपाट बघितलं, गाद्या उलटवल्या, त्यांची हत्यारांची पेटी काढली. घड्याळ नव्हतं. मग माझ्या डोक्यात फेब्रुवारीतलं तिचं बोलणं आलं. साहेबांना विसरायला होतंय, असं ती का सांगत होती? उद्या काही गेलं तर त्यांच्यावरच ढकलता यावं म्हणून. हा हिशेब मी पाच मिनिटांत मांडला, आणि मला तो पुरता बरोबर वाटला.

ती आली तेव्हा मी पडवीतच उभी होते. तिला म्हटलं, पिशवी दाखव. तिला आधी कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. शेजारची बाई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, ती थांबली. पिशवी माझ्या हातात द्यायला ती पुढे झाली नाही, तेव्हा मीच ती घेतली आणि पडवीवर रिकामी केली. जेवणाचा डबा, मीच आदल्या दिवशी दिलेली नारळाची वाटी, कंबरेला लावायच्या मलमाची ट्यूब, मुलीच्या परीक्षेचा फॉर्म. बस. ती खाली बसून एकेक वस्तू परत भरत गेली. ह्यांना खिडकीतून सगळं दिसत होतं. तिने एकदाच तिकडे बघितलं आणि म्हणाली, "साह्यब, मी घेतलं काय?"

हे म्हणाले, "हो."

ती गेली. मी पोलिसात गेले नाही, आणि त्यात मी फार मोठं मन दाखवलं असं मला वाटत होतं. पण ती जाते त्या दुसऱ्या दोन घरी मी फोन केला. सावध असलेलं बरं, एवढंच म्हणाले. तेवढं पुरलं. आठवड्यात तिची तिन्ही कामं गेली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीचा पंप सुरू होईना. मी वायरमनला बोलावलं. त्याने पंपाच्या खोपीत भिंतीवरची स्टार्टरची लोखंडी पेटी उघडली आणि मला हाक मारली. आत तारांच्या मागे ह्यांचा रुमाल होता, गाठ मारलेला. त्यात घड्याळ होतं. ते तारांवर दाबून बसल्यामुळे एक तार हळूहळू सुटत गेली आणि पंप बंद पडला होता. वायरमन म्हणाला, साहेबांनी चालू पेटीत हात घातला असणार, नशीब म्हणून वाचले.

मी घड्याळ घेऊन घरात आले. ह्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हातात घेतलं, उलटं केलं, मागच्या काचेतून चाकं बघितली. म्हणाले, "छान आहे. कुणाचं?"

 ल्युसर्नचा फॉर्म, पॅरिसची काच, तिचं भांडी घासता घासता बोलणं, सगळं एकदम समोर आलं. यातलं काहीच माझ्यापासून लपलेलं नव्हतं. प्रत्येक वेळी मी समोर होते.

मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. रिक्षात हापूसची पेटी ठेवली होती. ती दारात तांदूळ पाखडत होती. उठली नाही. मी उभ्यानेच सांगितलं, घड्याळ सापडलं, ह्यांनीच ठेवलं होतं, ह्यांना काहीतरी झालंय, माझी चूक झाली. मग हात जोडले. साठीला आल्यावर मी पहिल्यांदा कुणापुढे हात जोडत होते, आणि त्या क्षणीही माझ्या मनात हे येऊन गेलं, याची मला लाज वाटते.

तिने सूप खाली ठेवलं.

"साह्यबांचा मी मनात नाय धरलंय," ती म्हणाली. "ते आजारी हायत. तुमी कुठं आजारी व्हतात, वैनी?"

  मी कामावर परत ये म्हटलं, तिने नुसती नको म्हणून मान हलवली. ती आता मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीत कोळंबी सोलायच्या कामाला जाते, हे मला दाराशी आलेल्या तिच्या मुलीकडून कळलं. परीक्षेचा फॉर्म वेळेत भरला गेला का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. निघताना तीच मुलगी आंब्याची पेटी परत रिक्षात ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोन्ही घरी जाऊन आले. घड्याळ सापडलं, तिने काही घेतलेलं नव्हतं, असं तोंडावर सांगितलं. एकीने बरं झालं म्हटलं आणि आता दुसरी लावली म्हणाली. दुसरीने चहा दिला. ती म्हणाली, तुमचं मन मोठं, म्हणून सांगायला आलात, पण अशा बायकांचं काय खरं असतं. मी तिला दोनदा समजावलं. तिला वाटलं, मी प्रकरण झाकतेय. फोनवरचं माझं एक वाक्य तिने लगेच मानलं होतं. परत घ्यायला गेले तर ते निघेना.

जूनमध्ये कोल्हापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी मार्च म्हणाले, मग थांबले, आणि ल्युसर्नचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आठवत नाही तिथे मन काहीतरी भरून टाकतं, वेळ, रंग, सगळं. तो माणूस खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच दिसलेलं असतं. शेजारच्या खुर्चीत हे शर्टाची बटणं काढत आणि लावत होते.

त्यानंतरची दोन वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. काही महिने हे रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभे राहत. ती अजून आली कशी नाही, असं मला विचारत. येईल, असं मी सांगत असे. मग ते विचारणं थांबलं. मग चालणं थांबलं. सांभाळायला ठेवलेल्या तीन बायका एकामागून एक सोडून गेल्या. घड्याळ माझी मुलगी घेऊन गेली. तिने त्याचं काय केलं, ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मारुती मंदिरापाशी औषधं घेऊन मी रिक्षाची वाट बघत होते. आमच्याकडे कामाला यायची ती बाई बसच्या थांब्यावर उभी होती. दोघींनाही आडबाजूला व्हायला जागा नव्हती. तिच्या हातांची बोटं पांढरी, सुजलेली, बर्फाच्या पाण्यात राहून भेगाळलेली. मी बघतेय हे कळल्यावर तिने ती पदरात घेतली.

"साह्यब कसे हायत?" तिने विचारलं.

मी सांगितलं, बोलत नाहीत, ओळखत नाहीत.

"खातात?"

"भरवलं तर. तेही सगळं थुंकतात."

तिने बस येते का ते वाकून बघितलं. मग म्हणाली, "उकड्या तांदळाची पेज करा. पातळ. मीठ अगदी कमी. चमच्यानं नको, वाटीनं लावा ओठाला." एवढ्यात तिची बस आली. ती चढली आणि पलीकडच्या खिडकीत जाऊन बसली.

घरी येऊन मी पेज केली. ती म्हणाली तशी पातळ, मीठ कमी. ह्यांना उशीला टेकवून बसवलं आणि वाटी ओठाला लावली. दोन घोट गिळले. मग त्यांनी तोंड मिटलं आणि मान भिंतीकडे वळवली.